वंशावळीतली रुई

माझ्या नातीची सासू अमेरिकेत समुद्राजवळच्या एका जुन्या गावात राहते. पूर्वी ती वाचनालयात नोकरीला होती. आता मेलेली माणसं शोधते. हे तिचेच शब्द. नातीनं ते मराठीत करून सांगितले तेव्हा मला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. पण खरंच तसं आहे. अमेरिका हा इंग्रजांच्या ताब्यातला मुलूख असताना या बाईंचे पूर्वज जहाजातून तिकडे उतरले. ते कोण होते, कुठं राहिले, कुणाशी लग्नं केली, कुठं पुरले गेले, हे ती चर्चच्या जुन्या दप्तरांतून आणि थडग्यांच्या दगडांवरून काढते. दगडावरची अक्षरं झिजली असली की त्यावर पातळ कागद लावून खडूची काळी कांडी आडवी घासते. अक्षरं कागदावर उमटतात. नातीनं एकदा फोनवर ते दाखवलं. तिकडे बारीक पाऊस चालू होता, आणि ही माझ्यापेक्षा थोडीच लहान बाई छत्री मानेत अडकवून एका दगडापुढं गुडघे टेकून बसली होती.

मला पणतू झाला आणि बाईंनी ठरवलं, बाळाच्या खोलीत लावायला एक मोठा तक्ता करायचा. डावीकडं त्यांच्याकडची माणसं, उजवीकडं आमच्याकडची. डावी बाजू त्यांच्याकडं तयारच होती. उजवी कोरी.

"आबा, सांगणारे आता तुम्हीच उरलात," नात म्हणाली. "बाबांना तुमच्या पलीकडचं कुणी माहीत नाही."

मी परभणीत मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर इथंच राहिलो. आमचं गाव पोखर्णीच्या बाजूचं, चार एकर कोरडवाहू. आमच्यात थडगी नसतात. आमच्यात टाक असतात. अंगठ्याएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकून आकृती काढलेली असते. घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करायचा आणि देवांच्या शेजारी देव्हाऱ्यात बसवायचा. पुरुष असला तर घोड्यावर, बाई असली तर उभी. टाकावर नाव नसतं. कोण कुठला, ते घरातल्या म्हाताऱ्याला पाठ असतं, आणि तो सांगेल ते खरं.

मी आंघोळ करून देव्हाऱ्यापुढं बसलो. बायकोनं फोन धरला. एकेक टाक उचलून मी दाखवत गेलो. हे पणजोबा, ही पणजी. हे आजोबा, ह्यांनी विहीर पाडली. ही आजी. हे वडील, ही आई. मग एक टाक राहिला. तो इतरांपेक्षा नवा, चांदी अजून पांढरी.

"ही माझ्या वडलांची पहिली बायको," मी म्हणालो. "लग्नानंतर लगेच वारली. मूलबाळ नाही."

नातीनं ते इंग्रजीत सांगितलं. तिकडून प्रश्न आला. "आबा, त्या विचारतात, नाव काय होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. आमच्याकडं मेलेल्या सवतीचं नाव कोण विचारतं? थोरली म्हटलं की झालं. मी एक नाव सांगितलं. आमच्या भागात दर चार घरांआड सापडतं तसलं. बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. बायको फोन धरूनच होती. ती म्हणाली, "बगा, मला बी आजच कळलं थोरल्या सासूबाईंचं नाव."

आता खरं काय ते लिहितो. त्या टाकातली बाई कधी जन्मलीच नव्हती. माझ्या वडलांची पहिली बायको म्हणजे रुईचं झाड.

आमच्या लोकांत विधवेचा पाट लागे. पाट म्हणजे दुसरं लग्न. त्यात वाजंत्री नसे, मांडव नसे. पण विधवेशी पाट लावणारा पुरुष बिनलग्नाचा असला तर त्याचं आधी रुईशी लग्न लावत. शेताच्या बांधावरची रुई बघायची, तिला हळद लावायची, मधे धोतर धरून अक्षता टाकायच्या. मग ती रुई उपटून टाकायची. झाला नवरदेव बिजवर. आता त्यानं विधवा करून आणली तरी दोघं सारखे. माझे वडील असे बिजवर झाले आणि मग माझी आई घरात आली. तिचा पहिला नवरा बोरीच्या पलीकडच्या एका गावचा. तो पटकीत गेला होता.

वडील ह्याची कधी लाज बाळगत नसत. बांधावर रुईचं झुडूप दिसलं की मला म्हणत, "थोरलीला पाय लावू नको रे." आई डोक्यावरची पाटी सावरत हसायची. म्हणायची, "माझ्यापरीस तीच बरी व्हती, बोलायची तरी न्हाई."

आईला पहिल्या घरची एक मुलगी होती. पाट लागला की विधवेची पोरं पहिल्या नवऱ्याच्या घरी राहत, ती सोबत आणायची रीत नव्हती. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लहानपणी इतकंच माहीत होतं की आई वर्षातून एकदा पोखर्णीच्या नरसिंहाला जाताना पदराला फणी बांधून नेते. देवाला जाताना फणी कशाला, हे मी विचारलंही होतं. तिथं देवळाच्या पायरीवर एका म्हातारीबरोबर एक मुलगी आलेली असायची, माझ्याहून थोराड. त्या घराण्याचाही तोच देव. आई तिला पुढ्यात बसवून केस विंचरायची, तेल लावायची, घट्ट वेणी घालायची, परत सोडायची आणि परत घालायची. ही कोण म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "माहेरची हाय."

मी नोकरीला लागलो तेव्हा तिनं खरं सांगितलं. म्हणाली, तिला अक्का म्हन, थोरली बहीण हाय तुझी.

त्याच साली चारठाण्याकडची एक सोयरीक आली. घर मोठं, आमच्यापेक्षा बरंच वरचढ, आणि पाट न लावणारं. मुलगी बघायला गेलो तेव्हा मुलीचा थोरला भाऊ, तेव्हा पंचविशीतला, सरळ विचारता झाला, "आमच्या कानावर आलंय, तुमच्याकडं दुसरेपण हाय म्हनून. पाटाचं तर न्हाई ना?"

माझा चुलता बेरकी. तो म्हणाला, "दुसरेपण हाय की. पन ते हिच्या सासऱ्याचं. थोरली लगीन झाल्याबरोबर गेली, मंग ह्याची आई केली."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खोटं म्हणावं तर चुलत्याचं एक अक्षर खोटं नव्हतं. थोरली होती, आणि लग्न झाल्याबरोबर गेली होती, मुळासकट. लग्न जमलं. वडील नंतर मला एवढंच म्हणाले, "तुज्या आईला सांगू नको, तू मान हलवली म्हनून." आईला ते कळलंच असणार.  माझ्या लग्नानंतर तिनं पोखर्णीला मला कधी सोबत चल म्हटलं नाही.

पुढं त्या थोरलीचा पसारा वाढत गेला. आमचा मुलगा लहान असताना सारखा तापानं पडायचा. गावातल्या कुणा म्हातारीनं बायकोला सांगितलं, घरात एक सवाष्ण गेलेली हाय, तिचं काही करत न्हाई तुमी, ती मागं लागली. बायकोनं हट्ट धरला. मी विज्ञान शिकवणारा माणूस, असलं काही मानत नाही असं वर्गात सांगायचो. घरात मात्र सोनाराकडं जाऊन एका झाडाचा चांदीचा टाक करून आणला. कारण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. तेव्हापासून दर पितृपक्षात अविधवा नवमीला बायको थोरल्या सासूबाईंच्या नावानं पुरणाचा निवद करते. आई जिवंत होती तोवर तीच तिला पुरण वाटू लागायची. काय वाटत असेल तिला, मी कधी विचारलं नाही.

वडील गेल्यावर आई आमच्याकडं परभणीला आली. शेवटचे काही महिने ती अंथरुणावर होती. तेव्हा ती मला दोन-तीनदा म्हणाली, "बोरीकडं सांगावा धाड." मी म्हणायचो, धाडतो. पुन्हा विचारायची, "धाडला का?" मी म्हणायचो, धाडला, येईल. सांगावा धाडलाच नव्हता. घरी सासरची माणसं भेटायला येत-जात होती. अक्का आली असती, आई म्हणून गळ्यात पडली असती, तर काय सांगणार होतो? आई दाराकडं तोंड करून पडायची. त्याच कुशीवर गेली.

तेरवीला अक्का आली. तिला कुणाकडून कळलं, ठाऊक नाही. आमच्याकडं तेरवीला सोयरे दुखवटा करतात, म्हणजे मुलाला टॉवेल-टोपी घालतात. आधी मामा, मग सोयरे, मग बहिणी-लेकीकडचे, शेवटी गावकरी. कोण कुठल्या नात्याचा हे पुकारायला मेव्हणे बसले होते, तेच सोयरिकीला प्रश्न विचारणारे. अक्का हातात टॉवेल-टोपी घेऊन पुढं आली. मेव्हण्यांनी मला विचारलं, "ह्या कोन?"

मी म्हणालो, "आईच्या माहेरची हाय."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. टोपी माझ्या डोक्यावर घातली नाही. गावकऱ्यांच्या टॉवेलांचा ढीग होता त्यावर ठेवली आणि मागं सरकली. त्या ढिगातून मी ती टोपी नंतर वेगळी काढली आणि ट्रंकेत ठेवून दिली. का, ते मला सांगता येणार नाही.

एवढं सगळं मी मनाच्या तळाशी घालून बसलो होतो, आणि चांगला बसलो होतो. माणसाला सवय होते. मग यंदा श्रावणात त्या तक्त्याचा फोटो फोनवर आला.

बाईंनी सुंदर काम केलं होतं. झाडासारख्या फांद्या, प्रत्येक फांदीवर चौकट, चौकटीत नाव. वडलांच्या चौकटीला दोन बायका जोडलेल्या. उजवीकडं आई. डावीकडं मी सांगितलेलं ते नाव, आणि खाली बारीक अक्षरात, मूल नाही. बायकोनं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "चला, बिचारीला जागा भेटली."

मग फोनवर बाई त्यांची बाजू समजावून सांगू लागल्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते की मूळपुरुष कुणी मोठा अंमलदार होता. बाईंना सापडलं ते वेगळंच. त्याच्याकडं जहाजाचं भाडं नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःला काही वर्षं एका शेतमालकाकडं बांधून घेतलं होतं. आम्ही सालगडी म्हणतो, जवळजवळ तसलाच. तक्त्यावर त्यांनी दोन्ही लिहिलं होतं. वर खरं, आणि खाली, घरात असं सांगितलं जात असे. त्या काही खोडत नाहीत.

नंतर त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं. ही एक बाई. नवरा मेला आणि वर्षाच्या आत तिनं दुसरं लग्न केलं. "त्या म्हणतात, तेव्हा बाईला एकटीनं राहणं शक्यच नव्हतं," नात सांगत होती. "आणि पहिल्या नवऱ्याची मुलं इकडं तिकडं दुसऱ्यांच्या घरी ठेवली. त्यातली एक मुलगी कुठंच सापडेना. आबा, त्या म्हणतात, सगळ्यात जास्त वर्षं त्यांना हिला शोधायला लागली. त्यांच्या घरातल्या कुणी तिची कधी विचारपूसच केली नव्हती." त्या मुलीची चौकट आईच्या खाली होती, बाकीच्या भावंडांच्या ओळीत, तेवढ्याच आकाराची.

मी उजवीकडं बघितलं. माझ्या आईखाली एकच चौकट होती. माझी.

फोन ठेवला आणि बायकोला सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती. पहिल्यांदा तिला कळेचना.

"म्हंजे थोरल्या सासूबाई नव्हत्याच?"

"नव्हत्या."

"मंग नवमीचा निवद?"

"रुईला."

"इतकी वर्षं झाडाला पुरण घातलं मी? उपास धरून?" ती उठून देव्हाऱ्याकडं गेली, तो टाक बघून परत आली. "मला सांगितलं असतं तर बांधावर जाऊन तांब्याभर पानी तरी घातलं असतं. त्या झाडाला ते तरी पोचलं असतं."

मला वाटलं, आता हसणार. पण ती खाली बसली आणि गवारीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तेरवीला आली होती ती? उंच, हिरव्या काठाचं लुगडं?"

"व्हय."

"ती माझी नणंद?"

"व्हय."

"जेवली नव्हती ती. पत्रावळ मीच उचलली, कोरीच्या कोरी. मी म्हटलं, कोणी गावाकडची असंल, बस चुकंल म्हनून उठली असंल." तिचा आवाज चढला. "नणंद दारात आली आन मी तिला पानी सुदीक इचारलं न्हाई. माझं तोंड दिसलं ते असं दिसलं तिला!"

मी म्हणालो, पाटाचं कळलं असतं तर तुझ्या घरच्यांनी मुलगी दिली नसती.

"नसतीच दिली," ती म्हणाली. "ते चांगलं झालं का वाईट, ते मी सांगंन सावकाश. उद्या बोरीला चला."

बसनं बोरीला उतरून पुढं ऑटो केला. अक्का तिच्या नवऱ्याच्या गावी, धाकट्या मुलाकडं राहते. ओसरीवर मुगाच्या शेंगांचा ढीग घेऊन सोलत बसली होती. उंची तशीच, पाठ मात्र वाकलेली.

"कोन हाय?" तिनं विचारलं.

"पोखर्णीकडचा."

तिनं हात थांबवला. "मास्तर का? कामून आलास? कोन मेलं?"

"कुणी नाही, अक्का."

"मंग बस."

माझ्या बायकोनं वाकून तिचे पाय धरले, आणि ढिगाशी बसून शेंगा सोलू लागली. अक्का थोडा वेळ तिच्या हाताकडं बघत राहिली. "चारठान्याची ना तू? हात चालतो की."

मी कशासाठी आलो ते सांगितलं. फोन काढून तक्ता दाखवला. तिला वाचता येत नाही. बोट ठेवून एकेक विचारत गेली. हे कोन, ही कोन. वडलांच्या डावीकडच्या चौकटीवर बोट आलं.

"आन ही?"

"ती रुई."

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. बायकोनं तांब्या पुढं केला. पाणी पिऊन डोळे पुसत म्हणाली, "रुईला बी खोली दिली का? लय मोठ्या मनाची मानसं तुमी."

"अक्का, तुझं नाव घालायचं म्हणतोय. आईच्या खाली, माझ्या शेजारी."

"आन माझा बाप?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. घरातून निघताना मी तिची एकटीची चौकट मनात काढून ठेवली होती, तिच्या वडलांशिवाय.

"माझा बाप काही झाड न्हवता," अक्का म्हणाली. "त्याचं नाव लिही आईच्या अंगाला. तुझ्या बापाच्या आधी. मंग माझं लिही, न्हाईतर नको लिहूस. बिनबापाची म्हनून मला कशाला टांगतोस तिकडं परमुलखात?"

"लिहितो."

"आन रुई राहू दे. तिचं लगीन लागलं म्हनून तर आईचं लागलं. तिनं काय वाईट केलं कुनाचं?"

तिनं आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग तिनं मान वर न करता विचारलं, "तेरवीला म्हनलास, माहेरची हाय."

"व्हय."

"आईबी तेच म्हनायची, पायरीवर. तिला त्या घरात नांदायचं व्हतं. तुला कशाचं भेव व्हतं रे? शिकलेला, पगारवाला."

मी बायकोकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

"सांगावा कामून न्हाई धाडलास? मी चालत आले असते."

"सासरची माणसं घरात होती," मी म्हणालो. "लाज वाटली."

"माझी?"

"आईची."

हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच म्हटलं. स्वतःशीही म्हटलं नव्हतं. अक्कानं हातातली शेंग सोलून संपवली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं.

"ती माझी वाट बगत व्हती का?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. शुद्ध नव्हती म्हणून. "दाराकडं तोंड करून पडायची," मी म्हणालो. "रोज विचारायची. मी म्हणायचो, येईल."

अक्का उठली आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. तिच्या सुनेनं आम्हाला चहा दिला. मी बायकोला खुणावलं, निघू या का. ती म्हणाली, "गप बसा. शेंगा सपल्या न्हाईत अजून."

अक्का आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पुन्हा आपल्या जागी बसली. "टोपी वापरलीस का माझी?"

"नाही. ट्रंकेत आहे."

"घडी बी मोडली न्हाई?"

"नाही."

"मंग दुखवटा पोचलाच न्हाई." ती माझ्याकडं न बघता बायकोला म्हणाली, "सर्वपित्रीला सासूचं पान वाढता ना गं? तुज्या भावाला बोलीव. हाय ना अजून? त्याच्या देखत घालते. मानसांत नाकारलं, ते मानसांतच व्हईल."

"अक्का, तेव्हाचं आता..." मी म्हणू लागलो.

"तवाचंच म्हनायलेय मी," ती म्हणाली.

घरी येऊन नातीला फोन केला. आधी ती गोंधळली, मग तिला हसू आवरेना. "आबा, पणजोबांनी झाडाशी लग्न केलं? आणि मी ते नाव सासूबाईंना स्पेलिंगसकट सांगितलं!" पुढचं ऐकल्यावर तिनं विचारलं, "आबा, पोखर्णीच्या पायरीवरची ती मुलगी अजून आहे?" आहे म्हटलं. "आणि मी तिला ओळखत नाही."

बाईंना तिनं सांगितलं तेव्हा मी फोनवरच होतो. मला वाटलं, त्या रागावतील, इतकं नाजूक अक्षर पुन्हा काढायचं. त्यांनी फक्त रुई कशी असते ते विचारलं. मी खिडकीतून फोन बाहेर धरला. आमच्या घराच्या मागच्या मोकळ्या जागेत रुई माजलेली आहे, जांभळट फुलं, तोडलं की पांढरा चीक. त्यांनी बराच वेळ बघितली. मग म्हणाल्या, माझं ते बनवलेलं नाव त्या काढणार नाहीत, त्याच्या खाली लिहितील, घरात असं सांगितलं जात असे. आणि वर रुईचं पान काढतील. अक्काच्या वडलांचं नाव मी सावकाश सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं.

सर्वपित्रीला मेव्हणे आले. आता त्यांना काठी लागते, ऐकू मात्र चांगलं येतं. बायकोच्या माहेरची आणखी दोघं-तिघं होती, आमच्या गावचेही काही जण. बायकोनं त्यांना आधी काहीच सांगितलं नव्हतं. म्हणाली, ते तुमचं काम. अक्काला तिचा मुलगा घेऊन आला. हिरव्या काठाचं लुगडं होतं, ते का दुसरं कोण जाणे. मी ट्रंकेतून टोपी काढून ठेवली होती. घडीवर पिवळी रेघ पडली होती आणि एका कोपऱ्याला कसर लागली होती. अक्कानं ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि पुढं आली.

मेव्हण्यांनी काठीवरची हनुवटी उचलली. "ह्या कोन?"

"माझी थोरली बहीण," मी म्हणालो. "आमची आई एक."

अक्कानं टोपी तशीच धरून ठेवली. "आन बाप येगळा. तेबी सांग. नाव घे त्याचं."

मी त्यांचं नाव घेतलं, गाव सांगितलं. आईचं पहिलं लग्न तिथं झालं, तिला एक मुलगी झाली, नवरा गेला, आणि आमच्या घरात ती पाटानं आली, हे ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वर्गात बोलायचो त्या आवाजात. वडलांची पहिली बायको कोण, तेही सांगितलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

अक्कानं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. घडी कडक झाली होती, बसेना. तिनं कान धरून बसवली.

मेव्हणे माझ्याकडं बघत होते. "तवा सांगितलं असतंत," ते म्हणाले, "तर पोरगी दिली नसती आमी."

"मंग न्या परत," बायको आतून म्हणाली. "पन जेवून न्या. पान निवायलंय."

अक्का जेवली. दुसऱ्यांदा कढी मागून घेतली. तिची पत्रावळ माझ्या बायकोनं उचलली, आणि आत नेताना मला दिसेल अशी धरली.